वर्षाचं धान्य भरा, पण कार्डावर नाही

कल्याणहून एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात पाच माणसं: त्या, त्यांचे पती, दोन मुलं आणि दोन वर्षांपूर्वी गावाहून राहायला आलेल्या सासूबाई. पतींचा हातात येणारा पगार 62,000 रुपये, ताईंच्या शिकवण्यांचे 8,000. किराणा, दूध, भाजी हे सगळं महिन्याला 14,000 रुपयांत बसवायचं असं ठरलेलं, पण गेले सहा महिने आकडा 19,000 वर जातोय आणि महिनाअखेरीला हातात काहीच उरत नाही. सासूबाईंचं म्हणणं, आमच्या वेळेसारखं एप्रिल-मेमध्ये वर्षाचं धान्य, डाळी, मसाला भरून टाका म्हणजे महिन्याची ओढाताण थांबेल. त्याला साधारण 21,500 रुपये लागतील. ते क्रेडिट कार्डावर घेऊन 12 हप्ते करावेत असं ताईंना वाटतं. पती म्हणतात, त्यापेक्षा मुलीच्या शिक्षणासाठी चालू असलेली 4,000 ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला जाणारी ठरावीक रक्कम) सहा महिने थांबवू. तिसरा मार्ग 60,000 ची एफडी मोडण्याचा. आणि पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखी एक ओळ: दिवाळी आणि क्लासच्या फीमुळे कार्डावर 22,000 थकले आहेत, सध्या दर महिन्याला किमान रक्कम भरतो.

ताई, तुम्ही तीन महिन्यांची बिलं आणि वहीची पानं पाठवलीत, त्याबद्दल मनापासून धन्यवाद. एवढी नीट वही ठेवणारी माणसं फार कमी भेटतात, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तरही त्या वहीतच आहे.

आधी धान्याचंच बघू. महिन्याला 15 किलो गहू, 8 किलो तांदूळ, 3 किलो तूरडाळ, मूग-मटकी-चणाडाळ वगैरे मिळून 3 किलो, आणि वर्षाला 5 किलो मसाला. तुम्ही लिहिलेले दुकानाचे आणि हंगामातले भाव शेजारी शेजारी मांडले. गव्हात किलोमागे 5 रुपये वाचतात, म्हणजे वर्षाला 900. तांदळात 576. तूरडाळीत 432, इतर कडधान्यांत 288. तयार मसाल्याऐवजी मिरच्या-गरम मसाला आणून डंकावर कुटून घेतला तर 750. सगळे मिळून वर्षाला 2,946 रुपये. महिन्याला पडतात 246.

तुमचं अंदाजपत्रक महिन्याला 5,000 ने चुकतंय आणि आपण 246 रुपयांचा उपाय शोधतोय. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असं झालंय हे. सासूबाईंचा विचार चुकीचा नाही. त्यांच्या काळात घरखर्चाचा मोठा भाग खरोखरच धान्याचा होता, त्यामुळे धान्य भरलं की वर्ष सुरक्षित व्हायचं. आज तुमच्या 19,000 पैकी धान्य, डाळी आणि मसाला मिळून जेमतेम 2,040 रुपये जातात. हे तुमच्याच घरी घडतंय असंही नाही. केंद्र सरकारच्या 2023-24 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबाच्या एकूण खर्चात तृणधान्यांचा वाटा 4 टक्क्यांहूनही कमी दिसला, तर पेयं, तयार आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा 11 टक्क्यांच्या आसपास. खर्च कोठीतून उठून पाकिटात गेलाय.

आता हेच 21,500 कार्डावर घेतले तर काय होईल? बँकेने तुम्हाला सांगितलेला दर वर्षाला 16 टक्के. बारा हप्त्यांत व्याज सुमारे 1,900 रुपये, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटीचे 340, आणि 199 ची प्रोसेसिंग फी, तिच्यावरही जीएसटी. एकूण 2,480 च्या घरात. वर्षभर घाम गाळून वाचवलेल्या 2,946 मधून हे गेले की उरतात 470 रुपये. टेम्पोचं भाडं आणि एक चांगली कोठी यातच ते संपतील. तेव्हा कार्डावर धान्य घेऊ नका.

पण माझा जीव अडकलाय तो त्या शेवटच्या ओळीत. 22,000 थकलेत आणि किमान रक्कम भरली जातेय. तुमच्या स्टेटमेंटवर व्याजाचा दर महिना 3.5 टक्के आहे. म्हणजे दर महिन्याला 770 रुपये व्याज आणि त्यावरचा जीएसटी धरून 900 च्या वर. त्याच वेळी एफडीतले तेवढेच 22,000 तुम्हाला साडेसहा टक्क्यांनी महिन्याला 119 रुपये मिळवून देतात. शिवाय मागची थकबाकी असली की नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. आज कार्डावर घेतलेल्या साबणावर आणि बिस्किटांवर आजपासूनच व्याज चालू होतं. तुमच्या किराण्याच्या बिलांपैकी बरीचशी त्याच कार्डावर आहेत.

म्हणून एफडी मोडायचीच, पण गव्हासाठी नाही, कार्डासाठी. थकलेले 22,000 एका फटक्यात फेडा. बँकेत अंशतः एफडी मोडता येते का ते विचारा. नसेल तर सगळी मोडून उरलेल्या 38,000 ची नवी करा. मुदतीआधी मोडल्याबद्दल व्याजात थोडी कपात होईल, ती सोसा. अडीअडचणीचा पैसा कमी होतोय याची मलाही काळजी आहे. पण एका हाताने साडेसहा टक्के घ्यायचे आणि दुसऱ्या हाताने बेचाळीस द्यायचे, याला शिल्लक म्हणता येत नाही.

एसआयपीला हात लावू नका. दादांना माझा निरोप सांगा: सहा महिन्यांचे 24,000 थांबले तर ते कुठे साठणार नाहीत, याच 19,000 च्या वहीत विरघळून जातील, आणि सातव्या महिन्यात ती पुन्हा सुरू करताना 4,000 जड वाटतील. मुलीच्या कॉलेजला अजून आठ-नऊ वर्षं आहेत. वर्षाला 10 टक्के वाढ धरली (धरली म्हणतोय, हमी कोणीच देऊ शकत नाही) तर आजचे 24,000 तोवर 50,000 च्या आसपास होतात.

आता त्या 5,000 कडे वळू. इथे मला तुमची बाजू घ्यायची आहे. 14,000 चा आकडा सासूबाई यायच्या आधी ठरलाय. चार माणसांसाठी आखलेल्या पैशात पाच माणसं बसवताना तुम्ही दर महिन्याला स्वतःला दोष देत आलात. तुमच्या वहीतलं दूध-दही-पनीर 4,300, भाजी आणि फळं 4,000, तेल-तूप-साखर-चहा-पोहे-रवा 2,100, अंडी-मासळी 1,200, साबण-पावडर वगैरे 1,450 आणि धान्य 2,040. ही बेरीज 15,090 होते. यात उधळपट्टीचा एक पैसा नाही. मग 14,000 जमणार कसे? न जमणाऱ्या आकड्याचा एक मोठा तोटा असतो. तो 20 तारखेला मोडला की पुढचे दहा दिवस माणूस हिशोबच सोडून देतो. तुमच्या तिन्ही महिन्यांत 20 तारखेनंतर नोंदी विरळ होत गेल्यात, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

माझा आकडा 16,500 आहे. तुमच्या 70,000 च्या मिळकतीत तो बसतो. 19,000 वरून तिथे यायचं कसं, ते असं.

बिस्किटं, फरसाण, नूडल्स, थंड पेयं 2,200. इथे 1,000 वर या. मुलांचं एकदम सगळं बंद करू नका, ते टिकत नाही. पण घरी केलेला पातळ पोह्यांचा चिवडा, भाजलेले शेंगदाणे-फुटाणे आणि गूळ डब्यात दिसत राहिले की पाकिटांची मागणी निम्म्यावर येते. सासूबाईंना या कामात घ्या. धान्य भरण्यामागची त्यांची धडपड हीच आहे, घरासाठी काहीतरी करण्याची.

दुसरी गोष्ट म्हणजे दहा मिनिटांत घरी सामान आणणारी अॅप. महिन्याला 23 ऑर्डरी. नुसते डिलिव्हरी आणि हाताळणीचे 575 रुपये गेलेत. त्याहून वाईट म्हणजे फुकट डिलिव्हरीची मर्यादा गाठायला कोथिंबिरीबरोबर चॉकलेट आणि चिप्स आल्या आहेत, एकाच महिन्यात तीनदा मोहरी आली आहे. अॅप काढून टाका असं मी म्हणणार नाही, सासूबाईंचं औषध किंवा अचानक आलेला पाहुणा यासाठी ते उपयोगी आहे. फक्त त्यातून कार्डाची माहिती काढा आणि महिन्याला चार ऑर्डरी ठरवा. फ्रिजवर एक कागद लावा. जे संपत आलंय ते दिसेल त्याने लिहायचं. पंधरा दिवसांतून एकदा त्या कागदावरचीच खरेदी. यातून 475 सुटतील.

दुधाच्या खात्यात 700 रुपये विकतचं दही आणि पनीर यांचे आहेत. रोज दोन लिटर दूध घरात येत असताना विरजण लावायला हरकत नाही. 450 वाचतील. भाजीत मी फार कात्री लावणार नाही, मुलं वाढीच्या वयात आहेत. कांदे, बटाटे, लसूण तेवढे दोन-तीन शेजारणींनी मिळून बाजार समितीतून घाऊक आणा. कल्याणची बाजार समिती तुमच्या गावातच आहे, त्याचा फायदा घ्या. यातून 300 धरलेत. एकूण झाले 2,425. म्हणजे साडेसोळाच्या जवळ.

दुकानात एक सवय लावा. पाकिटावरच्या एमआरपीजवळ ग्रॅमचा किंवा किलोचा दर बारीक अक्षरात छापलेला असतो, तो बंधनकारक आहे. तोच वाचायचा, मोठ्या अक्षरातली सूट नाही. तेलाच्या पिशवीत तर हे फारच गरजेचं. एक लिटर तेल म्हणजे साधारण 910 ग्रॅम, पण दिसायला तेवढ्याच पिशव्या 850 किंवा 800 ग्रॅमच्याही येतात. तेलाचा वर्षाचा साठा मात्र करू नका. आपल्याकडचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून येतं आणि आयात शुल्क बदललं की भाव हलतो. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क वाढलं, मे 2025 च्या अखेरीला ते कमी झालं. वर्षाचे डबे भरून ठेवणाऱ्याला अशा वेळी चुकण्याची शक्यता जास्त.

आणि हो, 22 सप्टेंबर 2025 पासून अंगाचा साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटांवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला, तुपाचा 12 वरून 5 वर. तुमच्या वहीत साबणाचा जुनाच आकडा पुढे येत राहिलाय. एकदा पाकिटावरची किंमत पाहून तो बदला.

मग धान्य भरायचंच नाही का? भरायचं, पण सगळं नाही. मी संगमनेरकडचा. आमच्या आईचा गच्चीवर वाळत घातलेला गहू अजून डोळ्यांसमोर आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी भाड्याच्या घरात मीही हौसेने 50 किलो तांदूळ आणून ठेवला होता. तळमजल्याची ओल लागली आणि श्रावणात निम्मा पोरकिड्यांनी पोखरला. तेव्हा काय भरावं हे जागा आणि हंगाम पाहून ठरवा.

गहू आणि मसाला भरा. या दोन्हींना 8,190 रुपये लागतात. म्हणजे 21,500 च्या चाळीस टक्क्यांहूनही कमी, पण बचत 1,650 ची, एकूण बचतीच्या निम्म्याहून जास्त. दादांना एप्रिलच्या पगारात 10,000 बोनस मिळतो असं तुम्ही लिहिलंय, तो यासाठीच ठेवा. नवा गहू मार्च-एप्रिलमध्ये बाजारात येतो, त्यामुळे भाव आणि वेळ दोन्ही जुळतात. तांदळाचं तसं नाही. नवा तांदूळ दिवाळीच्या सुमाराला येतो, मेमध्ये त्याला वर्षाचे पैसे अडकवायचं कारण नाही. तुरीची आवक जानेवारी-फेब्रुवारीत असते. सध्या डाळ तीन-तीन महिन्यांची घ्या, एरंडेल चोळून ठेवा, आणि पुढच्या फेब्रुवारीत हातात रोख असेल तर मोठी खरेदी करा.

यात एक अट आहे आणि ती मी आग्रहाने घालतोय. गहू-मसाला घरात आला की महिन्याच्या 16,500 मधून 820 रुपये त्याच दिवशी बाजूला काढायचे. दुकानाच्या भावाने तेवढ्याचा गहू-मसाला तुम्ही दर महिन्याला आणला असता. ते काढले नाहीत तर ते पैसे फरसाणात जातील आणि वर्षाअखेर पुन्हा कार्ड बाहेर येईल. काढलेत तर पुढच्या एप्रिलचा गहू त्यातूनच येईल, बोनसला हात न लावता.

कार्डाचं व्याज थांबल्याचे 900 आणि गळतीतले 2,425, असे महिन्याला सव्वातीन हजारांच्या वर सुटतात. त्यातले 3,000 पगाराच्या दुसऱ्या दिवशी आरडीत, म्हणजे दर महिन्याला भरायच्या बँकेच्या ठेवीत, टाका. सात-आठ महिन्यांत मोडलेले 22,000 भरून निघतील.

सुरुवात या क्रमाने करा: या आठवड्यात बँकेत जाऊन कार्ड फेडणं, मग अॅपमधून कार्ड काढणं, मग नवा आकडा वहीच्या पहिल्या पानावर. गहू घेताना दाताखाली फोडून बघा, कट्‌कन तुटला तर कोरडा आहे. दोन उन्हं द्या, पूर्ण गार होऊ द्या, मगच कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून मृगाच्या आधी कोठी बंद करा. किती पाला, कुठे ठेवायचा, हे सासूबाईंना विचारा, त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.