एफडी आत्ता मोडू नका

साताऱ्याहून एका ताईंनी लिहिलंय. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष अर्धवट सोडून घरी आलाय, खोलीबाहेर पडत नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्यात आणि जोडीला दर आठवड्याला थेरपी सांगितली आहे. पुण्यातल्या मानसशास्त्रज्ञ एका भेटीचे १,८०० रुपये घेतात, साताऱ्यातल्या ८००. ताईंच्या हातात पगार येतो ३८,०००. दोन लाखांची एफडी आणि महिना ३,००० ची एसआयपी आहे. एफडी मोडू की सोनं गहाण ठेवू, असं विचारतायत.

ताई, सोनं कपाटातच राहू द्या. एफडी मुदतीआधी मोडली तर बँक साधारण अर्धा-एक टक्का व्याज कापते. सोन्यावरचं कर्ज त्याहून कितीतरी महाग पडतं.

आता पुण्याचा हिशेब. फी १,८०० असली तरी भेट तेवढ्यात होत नाही. एसटीत तुमचं तिकीट अर्धं, पण मुलाचं पूर्ण. मग स्वारगेटहून रिक्षा, बाहेरचं जेवण. अडीच हजार धरा, महिन्याचे दहा हजार. तुमची दर आठवड्याची रजा मी यात धरलेलीच नाही. आणि जो मुलगा खोलीतून बाहेर येत नाही, तो दर आठवड्याला येऊन-जाऊन पाच-सहा तास एसटीत बसेल का, हे तुम्हीच सांगा.

अशा खर्चाला मी निदान १६ भेटी धरतो. पैशांपायी पाचव्या भेटीला थांबावं लागलं, तर आधीचे पैसेही गेल्यातच जमा. साताऱ्यात महिन्याचे ३,२००, गोळ्या आणि डॉक्टरांचे दीड हजार, मिळून ४,७००. एसआयपी चार महिने थांबवा, ३,००० तिथेच सुटतात. उरलेले १,७०० पगारातून ओढाताण करून निघतील.

अट एकच: साताऱ्यातल्या बाईंचं शिक्षण तपासा. ‘समुपदेशक’ अशी पाटी कुणीही लावतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असते; नंबर विचारा, त्यात संकोच कसला? तुमच्या डॉक्टरांनाही विचारा, ते आपले पेशंट कुणाकडे पाठवतात. सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीतही एकदा चौकशी करा. गर्दी असते, पण खर्च नाममात्र. आणि दहा भेटींचं पॅकेज आगाऊ घेऊ नका, सवलत कितीही दिसली तरी. माझ्या एका अशिलांनी घेतलं, मुलीने तिसऱ्या भेटीनंतर जायचं बंद केलं, पैसे काही परत आले नाहीत.

चार भेटींनंतर मुलालाच विचारा, तिथे बोलावंसं वाटतं का. नाही म्हणाला, तर माणूस बदला. तेव्हा एफडी मोडायला माझी हरकत नाही. पुण्यातल्या बाईंना पहिली भेट समोरासमोर आणि पुढच्या ऑनलाइन चालतील का, हे विचारा. मग महिन्याचे दहाऐवजी ७,२०० होतात. दोन लाखांची एकच पावती असेल तर ७५,००० सुटे ठेवून बाकीची नवी पावती करा.

रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर टेलिमानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी, मोफत, मराठीतही बोलतात. मुलाच्या फोनमध्ये तर ठेवाच, तुमच्याही ठेवा.

राहता राहिला तुमचा आरोग्य विम्याचा एजंट. पॉलिसी दुसऱ्या कंपनीत पोर्ट करू, फॉर्मवर गोळ्यांचं लिहू नका, म्हणतो. अजिबात ऐकू नका. लपवलेलं निघालं तर उद्या हाताच्या फ्रॅक्चरचाही क्लेम अडकेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो. म्हणजे दाखल व्हायची वेळ आलीच, तर तुमच्या जुन्या पॉलिसीच्या अटी वाचून क्लेम करता येईल. थेरपीची फी मात्र ओपीडीत मोडते, ती बहुतेक पॉलिसींत मिळत नाही. जुनी पॉलिसी वेळेवर रिन्यू करा, पोर्टचं नंतर बघू.