पाळी जाताना सांधे का दुखतात आणि आराम कशाने पडतो?

सत्तेचाळिशीत पाळी अनियमित झाली आणि त्याच सुमारास गुडघे, बोटं, खांदे दुखायला लागले, याचा एकमेकांशी संबंध आहे का, असं तुम्ही विचारलंय. हो, असू शकतो. इस्ट्रोजेन हे संप्रेरक सांध्यांमधला दाह आटोक्यात ठेवायला मदत करतं. ते कमी झालं की सकाळी उठताना अंग आखडतं. तेव्हा हे मनाचे खेळ नाहीत. घरात कोणी ‘वय झालं आता’ म्हणून उडवून लावत असेल तर अजिबात ऐकू नका.

सगळ्यात जास्त फरक पडतो तो व्यायामाने. दुखतं म्हणून बसून राहिलं की मांडीचे स्नायू कमजोर होतात आणि भार गुडघ्यावर येतो. खुर्चीत बसून एक पाय सरळ करायचा, पाच-सात सेकंद तसाच धरायचा, मग हळूच खाली ठेवायचा. दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा, रोज. जोडीला सपाट रस्त्यावर चालणं. उकिडवं बसून भाजी निवडणं, लादी पुसणं तूर्त सोडा. शेकाने आणि तेलाने तात्पुरतं बरं वाटतं, जरूर करा.

पाळी गेल्यावर दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं: दूध, दही, नाचणी, तीळ. ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड एकदा तपासून घ्या.

सांधा सुजला, गरम लागला किंवा सकाळचा ताठरपणा तासभर टिकला, तर आमवाताची (सांध्यांना सूज आणणाऱ्या रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) शंका घेऊन संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवा. दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून महिनोन्महिने खाऊ नका, त्याने पोट आणि मूत्रपिंडं दोन्ही बिघडू शकतात.