प्रश्न तुमचे: उबुंटूत सॉफ्टवेअरच्या फायली कुठे शोधायच्या?

प्रश्न : विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला म्हणून उबुंटू घातलं. इथे सी ड्राइव्ह नाही की प्रोग्राम फाइल्स नाही. लिबरऑफिस नेमकं कुठे बसलं आहे? विंडोजवर त्याच्या डिक्शनरीत भरलेले मराठी शब्द मला इकडे आणायचे आहेत. (सांगली)

उत्तर : एका सॉफ्टवेअरचं एकच फोल्डर, ही पद्धत इथे सहसा नसते. फायली त्यांच्या कामानुसार वाटल्या जातात : चालवायच्या फायली ‘यूएसआर’ फोल्डरातल्या ‘बिन’मध्ये, त्यांना लागणारं साहित्य ‘लिब’मध्ये, आयकॉन आणि मदतीची पानं ‘शेअर’मध्ये, तर सगळ्या संगणकाला लागू होणाऱ्या सेटिंग्ज ‘ईटीसी’मध्ये. पूर्ण यादी हवी तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ‘डीपीकेजी’ लिहा, जागा सोडून आडवी रेघ व तिला चिकटून कॅपिटल एल, पुन्हा जागा सोडून पॅकेजचं (सॉफ्टवेअर ज्या गठ्ठ्यात येतं त्याचं) नाव. आज्ञा अर्थात इंग्रजी अक्षरांतच. एल लहान पडला तर फायलींऐवजी पॅकेजची एका ओळीची माहिती येते. नाव ‘लिबरऑफिस-रायटर’ असं द्या. नुसतं ‘लिबरऑफिस’ हे इतर पॅकेजांना एकत्र बांधणारं नावापुरतं पॅकेज आहे, त्यात जवळजवळ काहीच सापडणार नाही.

पण शब्द आणायला यातलं काही उघडावं लागत नाही. तुमचं स्वतःचं जे काही असतं ते तुमच्या होम फोल्डरात असतं, फक्त लपवलेलं. ‘फाइल्स’ हे ॲप उघडून कंट्रोल आणि एच एकत्र दाबा. टिंबाने सुरू होणारी फोल्डरं दिसू लागतील. त्यांतल्या ‘.कॉन्फिग’मध्ये लिबरऑफिस, मग ४, मग यूजर, मग वर्डबुक. विंडोजवर हीच वाट ॲपडेटाच्या रोमिंगमधून सुरू होते. तिथली ‘स्टँडर्ड.डिक’ ही फाइल हवी.

लिबरऑफिस पूर्ण बंद करूनच ती इकडे ठेवा, नाहीतर ते बंद होताना जुनी यादी तुमच्या फाइलवर लिहून टाकू शकतं. नव्या यादीत आधीच काही शब्द असतील तर फाइल बदलू नका. दोन्ही फायली टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि तीन आडव्या रेघांच्या खालचे शब्द तेवढे नव्या फाइलमध्ये चिकटवा. रेघांच्या वरच्या ओळींवरूनच लिबरऑफिस ही फाइल ओळखतं, त्यांना हात लावू नका.

वर्डबुक तिथे सापडलं नाही, तर लिबरऑफिस बहुधा स्नॅप किंवा फ्लॅटपॅक (सॉफ्टवेअर लागणाऱ्या साहित्यासह वेगळं बांधून देण्याच्या पद्धती) स्वरूपात बसलं आहे. स्नॅपचा डेटा होममधल्या ‘स्नॅप’ फोल्डरात आणि फ्लॅटपॅकचा ‘.व्हार’मधल्या ‘ॲप’मध्ये राहतो.

प्रश्न : फायरफॉक्सचे जुने पासवर्ड आणायचे आहेत, पण होममध्ये त्याचं ‘.मोझिला’ फोल्डर नाहीच. (मडगाव)

उत्तर : उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स स्नॅप म्हणूनच येतं. त्यामुळे वाट अशी : स्नॅप, फायरफॉक्स, कॉमन, .मोझिला, फायरफॉक्स. आत विचित्र नावांची एकाहून जास्त फोल्डरं असतील तर अंदाज बांधू नका. फायरफॉक्सच्या मेनूतून हेल्प, मग ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ उघडा. प्रोफाइल डिरेक्टरीसमोरचं बटण दाबलं की चालू असलेलं फोल्डर समोर येतं. आता फायरफॉक्स बंद करून विंडोजवरच्या फायरफॉक्सच्या प्रोफाइल फोल्डरातून ‘लॉगिन्स.जेसन’ आणि ‘की४.डीबी’ या दोन्ही फायली तिथे ठेवा. पासवर्ड पहिलीत, ते उघडणारी किल्ली दुसरीत. एकटी फाइल निरुपयोगी. इथे साठवलेले नवे पासवर्ड मात्र यात पुसले जातील, ते आधी टिपून ठेवा.

प्रश्न : एक सॉफ्टवेअर ‘पर्ज’ करून (सेटिंग्जसह काढणाऱ्या आज्ञेने) पुन्हा घातलं, तरी बिघडलेल्या सेटिंग्ज तशाच आहेत. (नाशिक)

उत्तर : ‘पर्ज’ने ईटीसीतल्या सेटिंग्ज जातात, होममधल्या जात नाहीत. ‘.कॉन्फिग’ आणि ‘.लोकल’मधल्या ‘शेअर’मध्ये त्या सॉफ्टवेअरच्या नावाचं फोल्डर शोधा. लगेच डिलीट करू नका. नावापुढे ‘जुनं’ जोडा आणि सॉफ्टवेअर पुन्हा उघडा. ते नवं फोल्डर स्वतःच तयार करेल.