शॅडो टीचर आणि इटलीची शाळा: परदेशी समावेशक शिक्षण आपल्याकडे चालेल का?

तुमच्या स्वमग्न भाच्यासाठी शाळेने पालकांच्या खर्चाने शॅडो टीचर, म्हणजे वर्गात फक्त त्याच्याजवळ बसणारी मदतनीस, आणायला सांगितलंय, वर "परदेशात असंच असतं" म्हटलंय. हे खरं का, आणि तिकडची पद्धत आपल्याकडे चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी गटसाधन केंद्राचा (तालुक्यातल्या शाळांना मदत करणारं सरकारी केंद्र) फिरता विशेष शिक्षक आहे. रोजचं काम हेच, म्हणून लिहितो.

सगळीकडे असं नसतं. इटलीचंच बघा. 1977 च्या कायद्याने तिथले दिव्यांग मुलांचे वेगळे वर्ग बंद झाले, मुलं नेहमीच्या वर्गात आली आणि त्यांच्यासाठी सरकारी पगारावर मदतनीस शिक्षक आले. खरी मेख 1992 च्या कायद्यात आहे. हा शिक्षक एकट्या मुलाचा नसतो, वर्गाचा असतो. पाठाचं नियोजन, मूल्यमापन, सगळ्यात त्याचा वाटा वर्गशिक्षकाच्या बरोबरीचा. त्यामुळे वर्गशिक्षकालाही "ते मूल तुमचं, तुम्ही बघा" म्हणून मोकळं होता येत नाही.

शॅडो टीचरचं नेमकं उलटं होतं. पैसे आईबाप भरतात, ती मुलाला घेऊन मागच्या बाकावर बसते, बाई पुढे उरलेल्या वर्गाला शिकवतात. तिची रजा असली की फोन येतो, "आज नका पाठवू." एका वर्गात दोन शाळा भरतात आणि याला समावेशन म्हणायचं!

इटलीत सगळं आलबेल आहे असंही नाही. मदतनीस शिक्षकांपैकी बऱ्याच जणांकडे विशेष शिक्षणाची पदवी नसते, कित्येक दर वर्षी बदलतात. सरासरी दोन दिव्यांग मुलांमागे एक मदतनीस शिक्षक असं प्रमाण तिथल्या कायद्याने ठरवलं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये प्राथमिकला दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक सांगितला, तर तेवढी पदं भरतानाच दमछाक आहे. तेव्हा इटलीइतकी माणसं आणता येणार नाहीत. जबाबदारीची वाटणी आणता येईल, आणि तिला वेगळा पैसा लागत नाही. मी शाळेत गेलो की मुलाला व्हरांड्यात घेऊन बसावं ही बहुतेकांची अपेक्षा असते. मी वर्गातच थांबतो आणि बाईंबरोबर पाठ घेतो. सुरुवातीला कुरकुर होते.

अमेरिकेच्या वैयक्तिक आराखड्याची, म्हणजे एकेका दिव्यांग मुलाला काय आणि कसं शिकवायचं हे शाळेने लिहून देण्याची, आपल्याकडे फार हवा आहे. 1975 च्या कायद्यातून आलेला तो कागद तिथे चालतो, कारण शाळेने तो पाळला नाही तर पालक सुनावणी मागू शकतात. आपण नमुना उचलला, सुनावणी तिकडेच राहिली. फाइली मात्र सुरेख होतात.

फिनलंडकडून घेण्यासारखी गोष्ट एकच: मूल मागे पडतंय दिसलं की मदत सुरू, प्रमाणपत्राची वाट बघायची नाही. आपल्याकडे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र अनेकांना नववी-दहावीत आठवतं, तेही बोर्डाच्या जादा वेळेसाठी.

एक गोष्ट मात्र आपल्याकडे आयती आहे आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. इटलीत दिव्यांग मूल असलेल्या वर्गाचा पट साधारण वीसच्या आत ठेवायचा नियम आहे. आपल्या वाडीवस्तीवरच्या कितीतरी जिल्हा परिषद शाळांचा सगळा पटच वीसच्या आत! द्विशिक्षकी शाळेतल्या गुरुजींना एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता सांभाळायची सवय असते. दुसरीतलं मूल पहिलीचं वाचत असेल तर तिथे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. आणि नेमक्या याच शाळा एकत्र करून समूह शाळा काढायचा विचार शासनाने 2023 मध्ये पुढे आणला. व्हीलचेअरवरच्या मुलाला घराजवळची शाळा हीच मोठी सोय असते, हे त्या हिशेबात कुठे धरलंय?

आता भाच्याचं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 16 सरकारी मान्यता असलेल्या खासगी शाळांनाही लागू आहे. भेदभाव न करता प्रवेश आणि मुलाच्या गरजेप्रमाणे वाजवी सोय देणं त्यात येतं. मुख्याध्यापकांना लेखी पत्र द्या, पोच घ्या. पत्रात तीन गोष्टी विचारा: भाच्याची प्रश्नपत्रिका कोण काढतं, त्याच्या वह्या कोण तपासतं आणि शॅडो टीचर नसेल त्या दिवशी त्याला कोण शिकवतं. तिन्हींचं उत्तर "वर्गशिक्षिका" असं आलं तर सोबत एखादी मदतनीस असायला हरकत नाही, त्याला तिची गरज असूही शकते. नाही आलं, तर पत्राची प्रत घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. महापालिका हद्दीत असाल तर तिथल्या शिक्षण विभागाकडे.