सहकार शिकवताना

प्रिय स्नेही,

सप्रेम नमस्कार.

शाळेतल्या मुलांना सहकार शिकवायचा आहे, सुरुवात कुठून करावी, असे तुम्ही विचारले आहे. माझे मत स्पष्टच लिहितो : व्याख्येपासून सुरुवात करू नका. व्याख्या मुले पाठ करतील, उत्तरपत्रिकेत उतरवतील आणि सहकार म्हणजे एकमेकांना मदत करणे, एवढाच बोध घेऊन वर्गाबाहेर पडतील. मदत ही चांगलीच गोष्ट आहे. पण सहकारी संस्था हा एक व्यवसाय असतो, आणि त्याचे मालक कोण, निर्णय कोणी घ्यायचे व वाढावा, म्हणजे खर्च वजा जाता उरलेली रक्कम, कोणाकडे जायचा, या तीन प्रश्नांची उत्तरे तिथे वेगळी असतात. तुमचे शिकवणे या तीन प्रश्नांना धरून राहिले, तर बाकीचे मुले आपणहून विचारतील.

इतिहास सांगायचाच, तर इंग्लंडमधल्या रॉचडेलचा सांगा. १८४४ च्या डिसेंबरात तिथल्या विणकर आणि इतर कारागिरांनी एक-एक पौंडाची वर्गणी जमवून पीठ, लोणी, साखर, मेणबत्त्या अशा मोजक्या मालाचे दुकान उघडले. भेसळ आणि खोट्या मापांचा तो काळ होता, म्हणून शुद्ध माल आणि चोख वजन हीच त्यांची पहिली प्रतिज्ञा होती. त्यांच्या आधीही अशी दुकाने निघाली आणि बुडाली होती. रॉचडेलचे टिकले, याचे बरेचसे श्रेय मला त्यांच्या नियमांना द्यावेसे वाटते : प्रत्येक सभासदाला एकच मत, विक्री रोखीने, आणि वाढाव्याची वाटणी ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात. वाढाव्याचा एक हिस्सा त्यांनी सभासदांच्या शिक्षणासाठीही राखून ठेवला. मुलांना सनावळीपेक्षा हे नियम समजणे जास्त मोलाचे आहे.

ते समजण्यासाठी वर्गातच वह्या-पेन्सिलींचे एक लहानसे सहकारी भांडार चालवू द्या. प्रत्येकाने भांडवलाचा सारख्याच किमतीचा एक भाग (शेअर) घ्यावा, संचालक मंडळ निवडावे, खरेदी-विक्रीची कीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, ठेवावी आणि सभेचे इतिवृत्त लिहावे. इतिवृत्त लिहिण्याचे काम आळीपाळीने सर्वांना द्या. दहा जण बोललेल्या गोष्टींतून नेमका ठराव काय झाला, हे चार ओळींत मांडणे म्हणजे भाषेचा आणि लोकशाहीचा एकत्र धडा आहे.

वर्षअखेरच्या हिशेबाला मात्र भरपूर वेळ द्या, कारण खरा सहकार तिथे उलगडतो. समजा, वर्षभरात ६००० रुपयांची विक्री झाली, तीही सगळी सभासदांनाच, आणि खर्च वजा जाता ६०० चा वाढावा राहिला. सभेने १२० राखीव निधीत टाकले; उरले ४८०, म्हणजे खरेदीच्या आठ टक्के. ज्या मुलीने २०० चा माल घेतला तिला १६ मिळतील, ज्या मुलाने ५० चा घेतला त्याला ४. दोघांचा भाग एकच आणि मतही एकच. आता हाच वाढावा खासगी दुकानात कोणाच्या हाती गेला असता, आणि भांडवल जास्त घालणाऱ्याला जास्त मते दिली असती तर ठराव कसे बदलले असते, हे मुलांना मांडून पाहू द्या. राखीव निधी कशाला, वाटूनच टाकू, असे कोणीतरी म्हणेलच. त्याला गप्प करू नका. पुढच्या वर्षी मालाचे भाव चढले तर काय, हा प्रश्न सभेतूनच येऊ द्या.

उधारीचा प्रश्नही लवकरच येईल. एखाद्याकडे पैसे नसतील, तो जवळचा मित्र असेल आणि भांडारावर बसलेल्या मुलाला नाही म्हणणे जड जाईल. अशा वेळी निकाल तुम्ही देऊ नका. अडलेल्या सभासदासाठी वेगळा निधी ठेवायचा की रोखीचा नियम सर्वांना सारखाच लावायचा, हे पोटनियमात, म्हणजे संस्थेने स्वतःसाठी केलेल्या नियमांत, लिहून घेण्याची गरज मुलांना त्या एका प्रसंगातून जितकी पटेल, तितकी तुमच्या व्याख्यानातून पटणार नाही.

समाजाला सहकाराचा लाभ होतो, असे आपण सहज म्हणतो. तो कसा होतो, हे दाखवावे लागते. एकट्या उत्पादकाला व्यापारी सांगेल तो भाव घ्यावा लागतो, पण शेकडो जण एकत्र विकू लागले की भावाची बोलणी बरोबरीने होतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, सभासद नसलेल्यालाही फायदा पोचतो : वाजवी भाव देणारी एक संस्था जवळ असली की इतरांनाही आपला भाव सुधारावा लागतो. शाळा आणि सहकार यांचे नाते सांगायला स्पेनच्या बास्क प्रदेशातले मोंद्रागोन घ्या. होसे मारिया अरिस्मेंदिअरिएता या तरुण धर्मगुरूने तिथे १९४३ मध्ये तंत्रशिक्षणाची शाळा सुरू केली; तिथून शिकून निघालेल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये कामगारांच्या मालकीचा उद्योग उभारला, आणि त्यातून पुढे हजारो कामगारांचा सहकारी समूह वाढला. आधी शाळा निघाली, कारखाना नंतर आला.

सहकाराच्या अपयशाबद्दलही मोकळेपणाने बोला. सभासद सभेला येत नाहीत, हिशेब कोणी वाचत नाही, मग चार माणसे संस्था आपली समजू लागतात आणि कर्जे ओळखीने वाटली जातात. हे लपवले तर मोठेपणी बुडालेली संस्था पाहून मुले सहकारालाच खोटे ठरवतील. म्हणून लेखापरीक्षण दुसऱ्या वर्गाकडून करून घ्या आणि आपल्या कीर्दीत चूक सापडणे ही लाज नव्हे, हे आधीच सांगून ठेवा.

वर्ष संपेल तेव्हा शाळा सोडणाऱ्या मुलांना आपल्या भागाची रक्कम परत मिळावी; राखीव निधी मात्र संस्थेचा असतो, तो पुढच्या वर्गाच्या हवाली व्हावा. हा नियम पहिल्याच सभेत मंजूर करून घ्या, म्हणजे शेवटी वाद होणार नाही. त्या सभेची विषयपत्रिका तयार झाली की मला पाठवा. पोटनियमांचा मसुदाही सोबत असू द्या, मी तो बारकाईने वाचून कळवीन.

कळावे, लोभ असावा.

आपला स्नेहांकित