इसार, जामीन आणि हेलिकॉप्टर

प्रश्न : मी लातूरचा सेवानिवृत्त शिक्षक असून, समुद्रातील तेलविहिरींवर कर्मचाऱ्यांची ने-आण करणाऱ्या एका हेलिकॉप्टर कंपनीचे थोडे शेअर माझ्याकडे आहेत. यंदाच्या वार्षिक अहवालातील टिपांमध्ये ‘अंमलबजावणी बाकी असलेले भांडवली करार’ आणि ‘देणे म्हणून मान्य न केलेले दावे’ अशा दोन मोठ्या रकमा दिसल्या. ताळेबंदातील कर्जात मात्र त्या कोठेच नाहीत. कंपनी देणे लपवते आहे, असे समजावे काय?

उत्तर : तसे समजू नये. कंपनी कायदा २०१३ च्या तिसऱ्या अनुसूचीनुसार या दोन्ही रकमा टिपांमध्येच दाखवायच्या असतात. टिपा मात्र फार थोडे भागधारक वाचतात, आणि तुम्ही त्या वाचल्यात, हे बरे केलेत.

भांडवली करार म्हणजे येथे हेलिकॉप्टर खरेदीचे करार, ते आधी पाहू. सोयाबीनच्या हंगामापूर्वी तुमच्या गावात कोणी नव्या मळणीयंत्राचा इसार दिला आणि यंत्र अजून दारात आलेले नसेल, तर उरलेली रक्कम तो वहीत उधारी म्हणून लिहीत नाही. यंत्र आले की मालमत्ता आणि देणे दोन्ही एकदम चढतात. हेलिकॉप्टरचेही तसेच आहे, फरक इतकाच की येथे वाट पाहण्याचा काळ वर्षांत मोजला जातो आणि किंमत बहुधा डॉलर किंवा युरोत ठरलेली असते, त्यामुळे रुपया घसरला की अजून न आलेल्या हेलिकॉप्टरचा बोजा आपोआप वाढतो. म्हणून नुसत्या रकमेपेक्षा करार मोडल्यास काय जाते, हे पाहावे. काही करारांत ठरावीक भरपाई देऊन मोकळे होता येते, काहींत दिलेला इसार बुडतो आणि शिवाय दावाही लागू शकतो. ‘पुढे लागल्यास घेऊ’ असा नुसता पर्याय राखून ठेवला असेल, तर ती बांधिलकी नव्हे.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची : येणाऱ्या हेलिकॉप्टरांना काम आहे काय? तेल कंपन्यांशी असलेले सेवेचे करार नवी हेलिकॉप्टरे येण्याआधीच संपत असतील, तर हप्ते चालू राहतील आणि उत्पन्न थांबेल. २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळल्यावर या धंद्यातील बलाढ्य कंपन्याही अडचणीत आल्या. सीएचसीने मे २०१६ मध्ये आणि ब्रिस्टोने मे २०१९ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण मागितले.

आता दाव्यांकडे वळू. चुलतभावाच्या कर्जाला तुम्ही पतसंस्थेत जामीन राहिलात, तर ते कर्ज आज तुमचे नसते, पण तो हप्ते थकवू लागला की तुमची झोप उडते. लेखा मानकांची रीतही अशीच आहे : पैसे जाण्याची शक्यता अधिक असेल आणि रकमेचा विश्वासार्ह अंदाज बांधता येत असेल तर नफ्यातून तरतूद करायची, शक्यता असली तरी तितकी दाट नसेल तर टीप द्यायची, आणि ती अगदीच दुरापास्त असेल तर टीपही लागत नाही. हा निवाडा आधी कंपनी स्वतः करते, लेखापरीक्षक तो नंतर तपासतो. खरी मेख येथे आहे. हेलिकॉप्टर कंपन्यांच्या बाबतीत नेहमीचा वाद सीमाशुल्काचा, म्हणजे आयातीवरील कराचा. प्रवासी सेवेसाठी म्हणून सवलतीत आणलेले हेलिकॉप्टर खासगी कामाला वापरले, असा आक्षेप घेऊन सीमाशुल्क खाते शुल्कातील फरकाची मागणी करते. टिपेतील रकमेत व्याज आणि दंड धरला आहे की नाही, हे अवश्य पाहावे, कारण वाद वर्षानुवर्षे रेंगाळला तर व्याजही मोठे होते.

उलट बाजूही असते : कधी कंपनीच दुसऱ्यावर दावा लावते. एप्रिल २०१६ मध्ये नॉर्वेत एच२२५ जातीचे हेलिकॉप्टर कोसळून १३ जण दगावले, त्यानंतर एरा या अमेरिकी हेलिकॉप्टर कंपनीने ही जात बनवणाऱ्या एअरबस हेलिकॉप्टर्सवर दावा लावला आणि २०१८ मध्ये ४.२ कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोपर्यंत हे पैसे एराला मिळकत म्हणून दाखवता येत नव्हते.

तुमच्या अहवालात लेखापरीक्षकाच्या अहवालाचे परिशिष्ट उघडा. तेथे वादातील कर, रक्कम, वर्ष आणि प्रकरण कोणापुढे पडून आहे, हे तक्त्यात दिलेले असते. सीमाशुल्काच्या पहिल्या अपिलासाठी वादातील शुल्काच्या ७.५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ती ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसलेली असते, आणि कंपनी हरली तर तीही बुडते.