नवरा खरंच गॅसलायटिंग करतोय का?

हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला येणारी बरीच मंडळी निदान घरूनच करून येतात. नवरा नार्सिसिस्ट, सासू टॉक्सिक, मैत्रीण मॅनिप्युलेटिव्ह. माझ्याकडून फक्त शिक्का हवा असतो. माधवी (नाव बदललंय) तशीच आली.

"नवरा मला गॅसलाइट करतो, मॅडम."

"काय झालं ते सांगा."

"नेहमीचंच आहे."

"नेहमीचं नको. एकदाचं सांगा."

ते 'एकदाचं' बाहेर यायला बरेच दिवस गेले. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. 'मी रजा काढतो' असं नवरा म्हणाल्याचं तिला पक्कं आठवत होतं. 'मी बघतो म्हणालो होतो', हे त्याचं म्हणणं.

गॅसलायटिंग हा शब्द १९३८च्या एका इंग्रजी नाटकावरून आला. त्यातला नवरा, बायकोला आपण वेड्या होतोय असं वाटावं म्हणून पद्धतशीर डाव रचतो. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत की तेच नाव दिलं, तर समोरचा थेट खलनायक ठरतो. खलनायकाशी बोलायचं तरी काय? अर्थात असे डाव रचणारी माणसं खरोखर असतात. घरात भीती वाटत असेल, पैशांवर, फोनवर, माहेरी जाण्यावर पहारा असेल, तर शब्दांचा कीस पाडत बसू नये, आधी सुरक्षित व्हावं. माधवीच्या घरी तसं नाही, याची खात्री मी आधीच करून घेतली होती.

"तो आला नाही तेव्हा काय वाटलं?"

"त्याने इग्नोर केलं असं वाटलं."

"हे त्याने काय केलं ते झालं. तुम्हाला काय वाटलं?"

"हर्ट झाले."

"म्हणजे?"

ती चिडली. पर्सचा बंद उघड-मिट करत राहिली. मग एकदम म्हणाली, "वहिनीने सगळ्यांसमोर विचारलं, हे नाही आले? मी म्हटलं, मीटिंग आहे. धडधडीत खोटं. लाज वाटली हो मला."

इतके दिवस जिला ती राग म्हणत होती, ती लाज होती. अशा क्षणासाठीच मी हे काम करते. इग्नोर, रिजेक्ट, बिट्रे हे शब्द भावनांसारखे दिसतात, पण त्यांत आरोपी आधीच उभा असतो. लाज, भीती, मत्सर, एकटेपणा यांचं तसं नसतं. ते माझ्याबद्दल बोलतात. समोरच्याला लगेच बचावाला उभं राहावं लागत नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला घेतलेल्या, भावनेमागचा विचार तपासणाऱ्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीवर माझा भर आहे. त्यामुळे मी लाजेपाशी थांबले नाही; तिच्या मुळाशी कुठला विचार आहे ते शोधायला लावलं. 'वहिनीच्या नजरेत मी उतरता कामा नये, उतरले तर संपलंच.' हे तिने स्वतः शोधलं आणि स्वतःच हसली. वाईट वाटणं रास्तच होतं. 'संपलंच' तेवढं जास्तीचं होतं.

घरी ती नवऱ्याला म्हणाली, "त्या दिवशी वहिनीपुढे मला खोटं बोलावं लागलं. लाज वाटली मला." या वेळी त्याने 'बघतो म्हणालो होतो' काढलं नाही. "मग मला फोन का नाही केलास?" म्हणाला. त्यावरून दोघं कडाडून भांडली, पण भांडण त्या एका दिवसाचंच राहिलं.

पुढे आईच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरली. माधवीने 'बघतो' चालवून घेतलं नाही, हो की नाही ते विचारलं. तो नाही म्हणाला.

"ठीक आहे," ती म्हणाली, "वहिनीला तसंच सांगेन."